स्थितप्रज्ञ यंत्राचा सत्कार

अमेरिकी शाळांतल्या टीआय-८४ प्लस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरचा जाहीर सत्कार व्हायलाच हवा. जन्म २००४ चा, पोटात १९७६ च्या झेड-८० घराण्याचा प्रोसेसर, पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. किंमत मात्र अजून शंभर डॉलरच्या आसपास. महागाई, स्वस्ताई दोन्ही समान.

शिस्त तर विचारू नका. मागच्या तासाचा ‘प्लॉट १’ हा आकडेवारीचा आलेख चालू राहिला आणि त्याच्या दोन याद्यांची लांबी जुळली नाही, की आज साधी सरळ रेषाही मिळत नाही. ‘डिम मिसमॅच’! साइन ३० विचारा, रेडियनमध्ये उणे ०.९८८. अंश हवे होते? तसा अर्ज करायचा होता.

आता एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या पडद्यावरच डेसमॉस हे आलेख काढणारं कॅल्क्युलेटर फुकट असतं, तरी हे यंत्र सोबत नेण्याची मुभा आहे. योग्यच. परीक्षागृहात भिंतीवर घड्याळ असलं, तरी प्रत्येकाने वाळूचं घड्याळही न्यावं. चार एएए सेलवालं.