मंगळाला सोवळं, लोणारला सांडपाणी

मंगळावर उतरणारं यान जिथं बांधतात, त्या खोलीत माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात. यानाचा भाग न् भाग अल्कोहोलनं पुसायचा, सोसेल तो भट्टीत तापवायचा. उतरणाऱ्या यानावर जिवाणूंचे तीन लाखांहून जास्त बीजाणू चालत नाहीत. जीव शोधायला इतक्या लांब जायचं आणि सापडायचे आपलेच जंतू, मग सगळी मेहनत पाण्यात!

आणि आपल्याकडे? मंगळासारखीच एक जागा इथंही आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्यावरून निघालं की काही तासांत लोणार. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, उल्का आदळून झालेलं विवर, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा याच जातीच्या खडकाचा. आघातानं बेसॉल्ट कसा फुटतो, वितळतो, पुढं पाण्यात मुरून त्याची चिकणमाती कशी होते, हे हातात घेऊन पाहता येईल अशा जागा पृथ्वीवर मोजक्याच. मंगळाचे अभ्यासक इथले दगड तपासतात ते त्यासाठी.

मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी रोव्हरनं फेब्रुवारी 2013 मध्ये तिथल्या गेल विवरातल्या खडकाला पहिलं भोक पाडलं. रुंदी सुमारे 1.6 सेंटिमीटर, खोली साडेसहाच्या आत. तांबड्या ग्रहाच्या पोटातून राखाडी पूड निघाली! तिच्यात चिकणमातीची खनिजं, गंधक, फॉस्फरस, कार्बन. फार खारं नाही, फार आम्लही नाही, असं पाणी तिथं कधीकाळी होतं आणि सूक्ष्मजीव त्यात जगू शकले असते, हे त्या चिमूटभर पुडीवरून कळलं.

लोणारचं पाणी जगायला याहून कितीतरी कठीण. सामू दहाच्या आसपास; बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. तरी त्यात जीव नांदतात. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत खारटपणात फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. तळाच्या गाळात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही आहेत. जिवाची खूण म्हणून मंगळाच्या हवेत मिथेन हुंगत फिरणाऱ्यांना ही केवढी मोलाची जागा!

2020 च्याच नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. गावाचं सांडपाणी सरोवरात उतरतं, ही तक्रार मात्र जुनीच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचलेली. बाहेरचं पाणी शिरलं की क्षार पातळ होतात, परके जंतू येतात आणि हजारो वर्षं या खारात मुरलेली वस्ती बिघडते. ती पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत घडवता येणार नाही.

यानासाठी बीजाणू मोजता येतात, तर इथं पाणी मोजायला काय हरकत आहे? प्रक्रिया न केलेलं पाणी विवराच्या कडेच्या आत येताच कामा नये. सामू, क्षार आणि जंतू यांचे आकडे दर महिन्याला लोणारच्या नगरपरिषदेबाहेर फळ्यावर लागले पाहिजेत, सहलीला आलेल्या पोरांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.