मौनी गुरू, दणकेबाज चेला
नगरात गिटारवाल्यांवरून वाद पेटला, की हेंड्रिक्स थोर की क्लॅप्टन, यातच चहा गार होतो. मध्येच बी. बी. किंगचं नाव टाकणारा जाणकार ठरतो. पीट टाउनशेंडला कुणी मोजत नाही; आणि नगरशी नातं सांगतो तो नेमका हाच! अरणगावच्या मेहेरबाबांचा भक्त. १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ गाण्यातले बाबा ते हेच. बाबांनी १९२५ पासून १९६९ पर्यंत, देह ठेवेस्तोवर मौन पाळलं. चेल्याच्या ‘द हू’ बँडने १९७६ साली लंडनमध्ये १२६ डेसिबलचा विक्रम केला. शिवाय हा मंचावर गिटारी फोडायचा. (आपला डीजेवाला निदान यंत्रं शाबूत परत नेतो.) आवड ज्याची त्याची, मान्य; पण टाउनशेंडला वगळणारी नगरकराची यादी बाद!