स्लायडरवाले दादा

पिकअप घेणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची माणसं मागच्या हौद्यात कांदे, सिमेंट, शेळ्या, नवरदेवाचे मित्र, जे मिळेल ते भरतात. दुसऱ्या प्रकारची माणसं हौद्यावर महागडं झाकण बसवून घेतात आणि आत काही म्हणजे काही टाकू देत नाहीत. आमच्या सोसायटीतले दादा या दुसऱ्या प्रकारचे. त्यांच्याकडे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. लांबी 5295 मिलिमीटर. सोसायटीने पार्किंगच्या चौकटी आखल्या त्या काळी लोक हॅचबॅकवर समाधानी असत. त्यामुळे दादांच्या गाडीचं नाक कायम चौकटीबाहेर असतं आणि कमिटीचं नाक कायम मुरडलेलं.

दादा हिंजवडीला नोकरी करतात. तिथे नेमकं काय करतात हे वहिनींनाही नीट सांगता येत नाही. पण त्यांच्या गाडीखाली काय काय आहे, हे आता साऱ्या बिल्डिंगला सांगता येतं. सुरुवात माझ्यापासून झाली. लिफ्टमध्ये दादांनी एकदम विचारलं, "तुमच्या गाडीच्या रॉकर पॅनेलला संरक्षण काय?"

"इन्शुरन्स," मी म्हटलं.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोहोचली तरी दादांनी मला उतरू दिलं नाही. दारांच्या खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पत्र्याची जी पट्टी असते ती रॉकर पॅनेल, हे मला त्या दिवशी कळलं. उंचवट्यावरून जाताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि मधलं पोट दगडावर टेकतं. चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं पोट लवकर टेकणार. दादांच्या गाडीत हे अंतर 3095 मिलिमीटर. पट्टीला मोठा पोचा आला की दार नीट लागत नाही, आणि ती बोल्ट काढून बदलताही येत नाही, कारण ती बॉडीला वेल्ड केलेली असते. म्हणून पट्टीच्या बाजूला, चेसिसला धरून, एक दणकट पाईप बसवायचा. दगड लागला तर पाईपला लागावा, गाडीचा भार पाईपने पेलावा आणि गाडी दगडावरून घसरत पुढे निघून जावी. याला म्हणायचं रॉक स्लायडर.

"म्हणजे फूटस्टेप," मी म्हटलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कणव होती. "फूटस्टेपवर माणूस चढतो," ते म्हणाले, "स्लायडरवर गाडी चढते. फूटस्टेपखाली जॅक लावून गाडी उचलून बघा. फूटस्टेप वर येईल, गाडी खालीच राहील."

त्यानंतर दादांनी अभ्यास सुरू केला. रात्री जेवण झालं की ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबला किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर, म्हणजे मोबाइलवर, जात. मोआबचा दगड वालुकाश्म, त्याला टायर घट्ट धरतो. रुबिकॉनचा ग्रॅनाइट. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट, तोही पावसाळ्यात शेवाळलेला. त्यावर टायर धरत नाही, गाडी आडवी सरकते, म्हणजे स्लायडरची गरज अमेरिकेपेक्षा मावळाला जास्त, असा निष्कर्ष दादांनी काढला. निष्कर्ष बरोबर होता. फक्त दादा अजून मावळात गेले नव्हते.

मग एक्सेलमध्ये तक्ता तयार झाला. पाईप जमिनीला समांतर ठेवायचा की बाहेरच्या बाजूने थोडा वर उचललेला? वर उचलला तर जमिनीपासूनची उंची वाचते, समांतर ठेवला तर पाय टेकायला बरा. मागच्या टोकाला बाहेर वाक द्यायचा की नाही? वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूने जातात, त्यामुळे झाड किंवा दगड नेमका हौद्याच्या कोपऱ्याला भिडतो. बाहेर आलेला वाक गाडीचं ढुंगण त्या झाडापासून ढकलून देतो. वेल्ड करायचा की बोल्टने आवळायचा? पोलाद की ॲल्युमिनियम? रकान्याला रकाना जोडला जात होता.

"फ्लॅट घेताना यांनी बाथरूमचा नळ सोडून बघितला नव्हता," वहिनी म्हणाल्या, "आणि आता पाईपची जाडी दशांशात मोजतायत."

कायद्याचाही रकाना होता. डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना लिहून बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दादांनी मुळातून वाचलं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येणार नाही. तोही निकाल दादांनी वाचला. दादा कायदा मानणारे आहेत. म्हणजे आधी कायदा पूर्ण वाचायचा आणि मग चौकात काय सांगायचं ते ठरवायचं. ठरलेलं उत्तर असं होतं : "साहेब, फूटस्टेप आहे. आईला चढायला त्रास होतो."

हे आईंच्या कानावर गेलं. "मग एकदा बसव तरी मला गाडीत," आई म्हणाल्या.

शेवटी तक्ता घेऊन दादा भोसरीला एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेले. मीही गेलो, कारण रविवार होता आणि मिसळीचं आमिष होतं. मिस्त्रींचा जन्म गेट, ग्रिल आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड करण्यात गेलेला. अलीकडे जीपवाली मंडळीही त्यांच्याकडे येऊ लागली होती. दादांनी लॅपटॉप उघडून वेल्डिंगच्या टेबलावर ठेवला. मिस्त्रींनी तो दोन बोटांनी उचलून खुर्चीवर ठेवला.

"डीओएम पाईप लागेल," दादा म्हणाले. "ड्रॉन ओव्हर मँड्रेल."

"म्हणजे आपला सीडीडब्ल्यू. मिळेल, पण महाग पडेल. सी क्लास घ्या."

सी क्लास म्हणजे काय हे दादा रात्रीतून वाचून आले. आयएस 1239 या मानकाचे पाईप : ए क्लास हलका, त्यावर पिवळा पट्टा, बी मध्यम, निळा पट्टा, सी जड, लाल पट्टा. दीड इंची पाईपमध्ये बी क्लासची जाडी 3.2 मिलिमीटर, सी क्लासची 4. पण दुकानात व्हर्नियर लावला तेव्हा दीड इंची पाईप बाहेरून 48.3 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 1.9 इंच भरला. दादांनी हे दुकानदाराला लबाडी पकडल्याच्या आवेशात सांगितलं. पाईपचं माप आतल्या भोकावरून पडलेलं असतं, बाहेरून नाही, एवढं सांगून दुकानदाराने चहा मागवला. असं गिऱ्हाईक त्याला नवं नसावं.

"पण मिस्त्री, हा तर पाण्याचा पाईप!" दादांना नवीच शंका आली.

"साहेब, हा पाणी सातव्या मजल्यावर चढवतो. तुमची गाडी कुठवर चढणार?"

मग मिस्त्रींनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, "एकच सांगा. गाडी दगडावर खरंच टेकवणार, का दिसायला पाहिजे?"

दादांनी तक्त्याकडे पाहिलं. सगळे रकाने होते, हा नव्हता.

"दिसायला असेल तर ए क्लास लावतो, काळा रंग मारतो, निम्म्या पैशात काम. चार लोक बघतील, लाल पट्टा कुणी बघणार नाही. टेकवणार असाल तर सी क्लास, प्रत्येक बाजूला चार पाय, आणि पायांना जाड प्लेट. मधलं काही नसतं साहेब."

एवढे महिने पाईपची चौकशी चालली होती. पाईपवाल्याची चौकशी आज पहिल्यांदा झाली. दादा बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारून आले. "टेकवणार," ते म्हणाले. आवाज थोडा बारीक निघाला, पण निघाला.

त्यानंतरचं काम मिस्त्रींचं. अशा गाडीत चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी. बॉडी रबराच्या माउंटवर बसलेली, खड्ड्यात दोन्ही आपापल्या परीने हलतात. म्हणून स्लायडर फक्त चेसिसला धरायचा, बॉडीला शिवूही द्यायचा नाही, आणि भार आल्यावर तो वर दबला तरी पट्टीला लागू नये एवढी फट ठेवायची. दादांनी चेसिसवर वेल्डिंग करायला साफ नकार दिला होता, म्हणून चेसिसला मिठी मारणाऱ्या प्लेटा आणि बोल्ट ठरले. बॅटरीची वायर काढली, ब्रेकचा पाईप, डिझेलची लाइन आणि वायरिंग ओल्या गोणपाटाने झाकलं, आणि पाईप जागेवर धरून पायांना नुसते टाके मारले. मग सगळा सांगाडा खाली उतरवून टेबलावर पक्कं वेल्डिंग झालं.

परत लावायला घेतला तर भोकं जुळेनात. वेल्डिंगच्या उष्णतेने पाईप ओढला होता. दादांचा चेहरा पांढरा पडला. या संकटाचा रकानाही तक्त्यात नव्हता. मिस्त्रींनी जॅक लावला, गोल कानस फिरवली, हातोडीचे दोन ठोके दिले आणि बोल्ट आत गेले. दादांनी घरून टॉर्क रेंच आणला होता. मिस्त्री पान्याला हातभर पाईप लावून बोल्ट आवळायचे, दादा ते ढिले करून रेंचने टक् असा आवाज येईपर्यंत पुन्हा आवळायचे. "पाचशे किलोमीटरने परत बघायचे," दादा म्हणाले. या एका वाक्यावर मिस्त्रींनी मान डोलावली.

पावडर कोटिंगलाही मिस्त्रींनी नाही म्हटलं. दगडावर घासलं की त्याचा पापुद्रा सुटतो, आत पाणी शिरतं आणि खालून गंज चढतो तो दिसतही नाही. ब्रशने मारलेला रंग गेला तर घरी परत मारता येतो. दोन्ही स्लायडर मिळून वजन पन्नास किलोच्या आसपास भरलं. उरलेल्या काळ्या रंगाचा डबा मिस्त्रींनी झाकण उचलून दादांच्या हौद्यात टाकला. त्या हौद्यात पडलेली ती पहिली वस्तू.

पुढचे काही आठवडे दादांनी स्लायडर मऊ फडक्याने पुसले. मार खाण्यासाठी केलेल्या लोखंडावर पोरांना बसू देत नव्हते. वॉचमनने त्यावर पाय ठेवून चपलेचा पट्टा लावला तर दादांनी वरून हाक मारली. आईंना चढायला प्लॅस्टिकचं स्टूल आलं.

आणि मग पावसाळ्याच्या शेवटी, मित्रांच्या आग्रहाने, दादा खरोखर मावळात गेले. सोबत मी होतो म्हणून सांगतो. ओढ्यालगत कातळाची पायरी होती, त्यावर हिरवं शेवाळ. दादांनी फोर-लो टाकला, गाडी निम्मी चढली आणि शांतपणे आडवी सरकू लागली. मग लोखंडावर दगडाचा असा आवाज झाला की ओढ्यापलीकडचा गुराखीही उठून उभा राहिला. गाडी स्लायडरवर तोलली, तिथल्या तिथे थोडी फिरली, मागच्या वाकाने ढुंगण दगडापासून बाहेर ढकललं आणि टायर पुन्हा कातळावर बसले. दादा खाली उतरून सरळ चिखलात आडवे झाले. पट्टी शाबूत होती. दार पहिल्यासारखंच बंद होत होतं. पाईपवर वीतभर लांब, पांढराशुभ्र चकाकता ओरखडा होता.

मला वाटलं, आता सांत्वन करावं लागणार. दादा चिखलातून उठले ते नवस फेडल्यासारखे. येताना ते कुठल्याशा ढाब्यावर सगळ्यांचे पैसे देऊन मोकळे झाले.

त्या दिवसापासून गाडी उलटी लागू लागली, ओरखड्याची बाजू गेटकडे. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खाली नेलं जाई. दुधवाला, कुरिअरवाला, वीजमीटर बघणारा, सर्वांनी ओरखडा पाहिला. कमिटीच्या अध्यक्षांनी पार्किंगबद्दलचं पत्र हातात देण्यासाठी दादांना गाठलं, त्यांनीही पाहिला. आठवड्याभरात तो तांबूस झाला. मिस्त्रींनी फोनवर बजावलं, "घासा आणि रंग मारा, नाहीतर पाईप खाईल गंज." दादा हो म्हणाले आणि मारला नाही. दुसऱ्या बाजूचा स्लायडर मात्र त्यांना आता कोरा कोरा वाटू लागला होता.

दिवाळीआधी वहिनींनी घराची साफसफाई काढली. हौद्यातला काळ्या रंगाचा डबा वर आणला. गॅलरीचं ग्रिल झालं, तुळशीचा स्टँड झाला, चपलांचं रॅक झालं. डबा परत ठेवायला खाली गेल्या तर गाडीखाली गंजलेलं दिसलं. त्यांनी पॉलिश पेपर मारला आणि रंगाचे दोन हात देऊन टाकले. काम मिस्त्रींनी वाखाणावं असं झालं.

संध्याकाळी दादा आले. उकिडवे बसले. एक बोट फिरवून पाहिलं, ते काळं झालं.

"अहो, हात लावू नका, ओलं आहे अजून!" वहिनी गॅलरीतून ओरडल्या.

पुढच्या रविवारी पहाटे पाचला डिझेल इंजिनाच्या आवाजाने अख्खी बिल्डिंग जागी झाली. दूध घ्यायला खाली उतरलो तर वहिनी गेटपाशी उभ्या.

"दादा कुठे गेले इतक्या सकाळी?"

"दगड शोधायला," वहिनी म्हणाल्या. "जाऊ देत. डब्यात रंग आहे अजून."