कुणाच्या मुस्काडात?

आमच्या नि शेजारच्या वहिनींच्या परड्यांमध्ये कंबरेएवढा जांभ्याचा गडगा आहे. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला फ्रान्सला, नाँत शहरी गेलेल्या. व्हिसाचे नव्वद दिवस पुरते वसूल करून परवा परतल्या. काल कपडे वाळत घालताना गडग्याशी आल्या, मागे वळून बघितलं नि हळूच म्हणाल्या,

“अगो, मी मुस्कादे घेतली.”

“कुणाच्या मुस्काडात?”

“मुस्काडात कसली! वाइन. पांढरी. ह्यांच्या कानावर घालू नकोस हां.”

मी बादली खाली ठेवली. अशा बातमीपुढे ओल्या चादरींना कोण विचारतो?

“जावई रोज संध्याकाळी तिचं पुराण लावायचा. त्याला दुसरं ऐकणारं कोण होतं? नाव मुस्कादे, पण मस्कत द्राक्षाशी नातं नाही. द्राक्षाचं नाव मेलों, म्हणजे खरबूज. तर खरबुजाशीही नातं नाही. मूळ बरगंडीचं. 1709 साली अशी थंडी पडली म्हणे, की नाँतकडच्या वेली गोठून मेल्या. मग हे द्राक्ष लावलं, ते थंडीला बधत नाही म्हणून. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला पांढरी वाइन हवीच होती.”

“पण लागते कशी?”

“आंबट, कोरडी. गोडाचं नाव नको. वाइन आंबली की तळाला साका बसतो ना, त्या साक्यावरच ती हिवाळाभर ठेवतात नि मार्च उजाडल्यावर बाटलीत भरतात. जिभेला जराशी चुरचुरते. नि तिच्याबरोबर काय खातात सांगू? कालवं!”

“आपली कालवं?”

“तशीच. पण कच्ची नि जिवंत! आपण ओहोटीला खडकावर वाकून वाकून फोडतो, कंबर मोडते. तिथे बाजारात टोपलीत मांडलेली, नंबर घातलेला. तोही उलटा. पाच नंबर म्हणजे पोर, शून्य म्हणजे थोराड. वर लिंबू पिळायचं नि शिंपलीतून सरळ तोंडात. पहिल्या दिवशी मी नुसता पाव नि खारं लोणी खाल्लं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून एक गिळलं. समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. वर त्या वाइनचा घोट घेतला, नि मग सहा खाल्ली.”

लोण्याची आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. बारीक कांदा, व्हिनेगर नि हीच वाइन आटवायची, त्यात गार लोणी थोडं थोडं फेटायचं नि नदीच्या माशावर ओतायचं. नाँतजवळच्या क्लेमांस लफेव्र ह्या आचारणीच्या नावावर तो सॉस आहे. दुसराच सॉस करताना ती अंडं घालायची विसरली, असं सांगतात.

“विसरली नि नाव झालं,” वहिनी म्हणाल्या. “मी एकदा मीठ विसरले, तर सासूबाई जाईपर्यंत ते काढत होत्या.”

“मग आपलं काही करून घातलंत की नाही?”

“तीच तर चूक झाली. इथून नेलेला मालवणी मसाला, वर वाटप, कालवांचं झणझणीत सुकं केलं. जावयाने हौसेने बाटली उघडली. अगो, पाणी! तिखटापुढे वाइनला चवच उरली नाही, घशात आग तेवढी वाढली. दुसऱ्या दिवशी माशाला नुसतं मीठ-मिरपूड लावून रव्यात तळलं, तेव्हा ती बरोबर बसली. ज्यावर नुसतं लिंबू पिळशील, त्याच्याबरोबर ती घ्यायची. वाटपाला आपली सोलकढीच.”

एवढ्यात आतून भाऊंनी, म्हणजे वहिनींच्या ह्यांनी, विचारलं, “अगो, फ्रीजमध्ये ही हिरवी बाटली कसली?”

“व्हिनेगर!” वहिनी ओरडल्या, नि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “रविवारी हे देवरुखला जातायत. तू तिसऱ्या घेऊन ये. नुसत्या वाफवू, मसाला आणू नकोस.”