जास नि येस

आमच्या मायला कबड्डीतलं काही कळत नाही, अशी आमची बरीच वर्षं समजूत होती. टीव्हीवर प्रो कबड्डी लागली की ती कोपऱ्यात वाती वळत बसायची आणि मधूनच विचारायची, "गया का?" आम्ही म्हणायचो, गेला. थोड्या वेळाने, "उना का?" आला. मग हातातल्या वातीवरची नजर न काढता तिसरा प्रश्न, "काय लई उना?"

काय घेऊन आला, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या यू मुम्बाकडे बहुतेक वेळा नसायचं.

'आमच्या' म्हणालो खरा, पण धुळ्याचा आणि यू मुम्बाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर पंचाईत आहे. खानदेशाला स्वतःचा संघ नाही. केळी आहेत, सोनं आहे, मे महिन्यात पंचेचाळीस अंश आहेत, पण प्रो कबड्डीत संघ नाही. त्यामुळे मनस्तापसुद्धा बाहेरगावाहून मागवावा लागतो. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो, म्हणून मी मुंबईचा. याहून फालतू कारणांवर लोक पक्ष निवडतात आणि पुढे निष्ठावंत म्हणून मिरवतात.

माझे मेहुणे आबा जळगावचे. ते पुणेरी पलटणचे. त्यांचं कारण मात्र रोखीचं आहे. "दाजी, दोन पोरं पुण्याला इंजिनिअर केली. फी दिली, होस्टेल दिलं, मेस दिली, डिपॉझिट दिलं ते परत आलं नाही. एवढं पुण्याला घातल्यावर एक संघ तर आपला म्हणू द्या!" धुळे ते जळगाव हे पारोळा-एरंडोलवरून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. मुंबईची चढाई रिकामी गेली की आबांचा फोन मात्र चढाईपटू मध्यरेषेवर पोचायच्या आत येतो.

ज्यांना कबड्डी ठाऊक नाही (मराठी माणसात असे कुणी असतील तर त्यांनी शाळेत खेळाच्या तासाला काय केलं, हा वेगळा प्रश्न), त्यांच्यासाठी रिकामी चढाई म्हणजे काय ते सांगतो. गडी समोरच्या अंगणात जातो. तीस सेकंद असतात. निदान रेषा ओलांडतो, डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो, मांडीवर थाप मारतो, कुणाला तरी पाय दाखवतो. आणि कुणालाही हात न लावता आला तसा परत येतो. गुण शून्य. समोरच्याचंही नुकसान नाही, आपलाही फायदा नाही. अशा लागोपाठ दोन झाल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. तिच्यात काही आणलं नाही तर गडी बाद.

म्हणजे फार कठीण गोष्ट नव्हे. मी गेली तीस वर्षं बाजारात जाऊन हेच करतो. पण मला कुणी लिलावात लाखोंनी घेतलेलं नाही.

आणि आबांनी तर रिकाम्या चढाईवर हसूच नये. २०१७ साली त्यांच्या मोठ्यासाठी मुलगी बघायला आम्ही जामनेरपासून शिरपूरपर्यंत गेलो आहोत. प्रत्येक वेळी आबा पुढे, मी जागेवर बसलेल्या राखीव गड्यासारखा मागे. बोनसच्या नियमात असं आहे की समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो. मुलीच्या घरी सहा कुठले, मामा, काका, आत्येचे यजमान, सरपंच आणि कुणाचाच कुणी नसलेला एक गृहस्थ असे अकरा-बारा जण सतरंजीवर साखळी करून बसलेले. आबा पॅकेजचा आकडा सांगत निदान रेषा ओलांडायचे. समोरून प्रश्न, "शेती किती?" आबा एक पाऊल मागे. "बागायती का?" अजून एक पाऊल मागे. तीस सेकंद संपायचे. पोहे खाऊन आम्ही बाहेर पडायचो तेव्हा आबा म्हणायचे, "बोनस तर घेतला." दहा चढाया अशाच गेल्या. अकरावी लागली. त्या अकराव्या चढाईला जो मुलगा झाला, त्याचा उल्लेख पुढे यायचा आहे.

असो. मुंबई पहिल्यापासून अशी नव्हती, हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे. २०१४ला स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुम्बा अंतिम फेरीत. २०१५ला बेंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून अजिंक्यपद. त्या दोन्ही वर्षी पुणेरी पलटण गुणतक्त्यात सगळ्यात खाली होती. आबा तेव्हा आमच्याकडे आले की टीव्ही बंद करून शेतीविषयी बोलायचे. आमचा कर्णधार अनुपकुमार. हा माणूस चढाईला जायचा तो बँकेत पासबुक भरायला निघाल्यासारखा. घाई नाही, आरडाओरडा नाही. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला, एक गुण घेतला, आला परत. दिसायला काहीच नाही आणि खात्यात रोज जमा. मायला तो फार आवडायचा. "हाऊ पोऱ्या खाली हाते येत नही," ती म्हणायची. आणि त्याच सुमारास आम्हाला कळलं की मायला कबड्डी कळते. "तुना बाप पांझराना वाळूमा दोन-दोन गडी मारीसन येये," असं ती एकदा सहज बोलून गेली. आमचे नाना हुतूतू खेळायचे, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी समजलं. आमच्या घरात माणसं इतपतच बोलतात.

मग दिवस फिरले. अनुपकुमार गेला. २०१८ला कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई आला. आमच्याकडे तो ३६ लाख ४० हजारांना आला आणि त्या एका हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण घेतले. कधी नव्हे ते मी आबांना स्वतःहून फोन करू लागलो. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. ३६ लाखांचा माल वर्षात दीड कोटीच्या घरात! रावेर-यावलच्या केळीला असा भाव एकदा जरी मिळाला असता तरी आबांनी आख्खी पलटण विकत घेतली असती. आणि जखमेवर मीठ म्हणजे २०१९ला अनुपकुमार परत आला तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक होऊन. आबांनी त्या दिवशी फोन केला नाही. नुसता हात जोडलेला फोटो पाठवला.

तिथून आमची खरी परीक्षा सुरू झाली. आठवा, नववा, दहावा, तीन हंगाम ओळीने मुंबई बाद फेरीच्या बाहेर. आठवा हंगाम करोनामुळे बेंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांशिवाय. मोकळ्या खुर्च्या, मॅटवर गडी, आणि महाराष्ट्रभर घराघरांतून आमच्यासारख्यांची बोंबाबोंब. माझा आवाज बेंगळुरूपर्यंत जात नाही हे मला ठाऊक होतं, पण शेजारच्या वकीलसाहेबांपर्यंत जात होता. ते एकदा बनियनवरच आले आणि म्हणाले, "सर, 'जा की रे पुढे' असं तुम्ही कोणाला म्हणता? आमच्या सौ. समजतात त्यांना म्हणता."

बचावाविषयी माझी कधीच तक्रार नव्हती. मुंबईच्या पकडी बघाव्यात. घोटा धरला की धरला, घोरपडीसारखा. पण बचाव म्हणजे आलेल्याला धरणं. आणायचं कुणी? घराला तिजोरी मजबूत आहे, राखणदार चांगला आहे, फक्त कमावणारा नाही, असा सगळा प्रपंच. चढाईपटू निघाला की मी सोफ्याच्या कडेवर येतो, तो डावीकडे झुकला की मी डावीकडे झुकतो, आणि तो परत आला की सोफ्यावर मागे पडतो. माझ्या पाठीच्या दुखण्याचं कारण डॉक्टरांनी वय सांगितलं. मला खरं कारण माहीत आहे.

एकच समाधान होतं. तेलुगू टायटन्सचे लोक. पवन सेहरावतला त्यांनी २ कोटी ६० लाखांवर रुपये मोजून आणलं आणि दहाव्या हंगामात २२ पैकी सामने जिंकले २. त्यांच्या चाहत्यांचे चेहरे टीव्हीवर दिसले की मला बरं वाटायचं. माणसाने इतकं खाली जाऊ नये, पण तक्त्यात आमच्या खाली फारसं कुणी उरलंही नव्हतं. त्याच हंगामात, १ मार्च २०२४ला हैदराबादेत, अस्लम इनामदारच्या पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून करंडक नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आबा धुळ्यात, दारात, हातात जिलबीचा पुडा. पंचाण्णव किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला चहा विचारावाच लागतो.

मग उजाडला २६ डिसेंबर २०२४. अकरावा हंगाम. मुंबई चक्क बाद फेरीत पोचली होती आणि पुणे आठव्या स्थानावर राहून घरी बसलं होतं. सामना मात्र पुण्यातच, बालेवाडीला, समोर पाटणा पायरेट्स. दिवस गुरुवार, तोही मार्गशीर्षातला शेवटचा. आबांच्या घरी उद्यापनाची धांदल, म्हणून बायकांनी आम्हा पुरुषांना शेतावर पिटाळलं. चंपाषष्ठीला वांगी सुटलेली. असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर आणि भरताच्या वांग्यांचंही. त्याच रस्त्याला आबांचं शेत. मायही आमच्याबरोबर आली. "पूजा पोरींसनी, वांगा मना," असा तिने हिशेब केला.

पऱ्हाट्यांचा जाळ पेटला. हिरवी वांगी वर टाकली. सोलून लाकडी मुसळीने ठेचली, लसूण-मिरची पडली, शेंगदाणे पडले, वरून कांद्याची पात. कळण्याच्या पुऱ्या घरून आल्या होत्या. आणि न भाजलेल्या वांग्यांच्या ढिगाला टेकवून आबांच्या धाकट्याचा मोबाईल उभा केलेला, त्यात सामना. पाटण्याकडे देवांक दलाल. त्या हंगामात चढाईचे तीनशेवर गुण घेतलेला पोरगा. तो जायचा आणि काही ना काही घेऊन यायचा. आमचा जायचा आणि यायचा.

"जास नि येस," माय म्हणाली. "जास नि येस. काय बसस्टॅण्ड शे का?"

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पानात भरीत वाढलं. हे जास्त लागलं.

दुसऱ्या डावात रेंज गेली. मुंबई पिछाडीवर होती, फार नाही, पण चढाईला दम नव्हता. मोबाईलवर गोल चक्र फिरत राहिलं आणि त्या चक्राकडे बघता बघता माझ्या तोंडून निघालं, "यापेक्षा मी बरी केली असती."

अशी वाक्यं भरताच्या पंगतीत बोलू नयेत. आबा उठले. टॉर्च घेतला. नांगरलेल्या वावराच्या कडेला काठीने मध्यरेषा ओढली आणि पावलं टाकत निदान रेषेसाठी पावणेचार मीटर मोजले. बांधावरच्या वीतभर जागेसाठी तलाठ्यापर्यंत जाणारा माणूस तो, मोजणीत हयगय नाही. पलीकडे सात जण उभे राहिले. आबा, त्यांची दोन मुलं, सालदार, त्याचा भाऊ, दूध घ्यायला आलेला एक अनोळखी इसम आणि आबांचा सहा वर्षांचा नातू, तोच, अकराव्या चढाईचा.

सात गडी. म्हणजे बोनस खुला. अनुपकुमारला मनात नमस्कार केला आणि निघालो. "कबड्डी कबड्डी" म्हणताना पोटात तीन पुऱ्या आणि दोन वाट्या भरीत असेल तर एक गोष्ट लक्षात येते. शब्द बाहेर येत नाहीत, लसूण येतो. दोन मीटरवर दम संपत आला. सालदार उगाच आदराने बाजूला झाला. मी डावीकडे झुकलो, वाहिन्यांवर बघितलं होतं तसा, आणि रेषेकडे पाय लांब टाकला. त्याच क्षणी मागच्या पायाच्या घोट्याला काहीतरी चिकटलं. बघतो तर नातू. डोळे मिटून, दोन्ही हातांनी, शाळेत शिकवल्यासारखा. पुढचा पाय ढेकळावर गेला, चप्पल सुटली, आणि मी तुरीच्या ओळीकडे तोंड करून वावरात आडवा झालो.

थोडा वेळ फक्त जाळाचा आवाज येत होता.

"गया का?" खाटेवरून मायचा आवाज आला.

"गेले, आजी."

"उना का?"

"नाही. पडले."

टॉर्चचा उजेड माझ्यावरून पुढे सरकला. निदान रेषेच्या पलीकडे हातभर अंतरावर माझी उजवी चप्पल उभी होती, सरळ, जणू तिच्यात कुणी पाय घालून ठेवला आहे.

"चप्पल ते गई ना तठे," माय म्हणाली.

"नियमात अंग लिहिलंय, दाजी," आबा म्हणाले. "चप्पल लिहिलेली नाही."

मी आडव्या स्थितीत हात वर करून रिव्ह्यू मागितला. तेवढ्यात वांग्यांच्या ढिगावर रेंज आली आणि धाकट्याने तिथूनच ओरडून सांगितलं, "मामा, संपली! एकतीस-तेवीस!" कोण एकतीस हे कुणीच विचारलं नाही. आबा चपलेजवळ उकिडवे बसून, टॉर्च धरून, ती रेषेला कुठे लागते का ते बघत होते.