अप्पांची नीलगिरी

आमच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी टपकायला लागलं तरी मी वर तक्रार करायला जात नाही. वर अप्पा राहतात. "कुठून गळतंय ते बघू नकोस, कुठून शिरतंय ते बघ," म्हणत ते हाताला धरून थेट गॅलरीत नेतात. तिथे दोन स्टुलांवर आयएनएस नीलगिरी आडवी झालेली असते.

खरी नीलगिरी माझगाव डॉकमध्ये बांधली, १९७२ साली नौदलात गेली. तेव्हा अप्पा तिथे अप्रेंटिस होते. आता अप्पा ७२ वर्षांचे, जहाज १:७२ मापाचं आणि प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे ७२ तास उकळला तरी थर न सोडणारा. शिक्क्यावर अप्पांचा विश्वास नाही. त्यामुळे काकूंच्या मोदकपात्रात तीन दिवस, तीन रात्री प्लायचा तुकडा रटरटत होता. तुकडा टिकला. काकूंनी नवं मोदकपात्र घेतलं.

लांबी पाच फूट दोन इंच, बरोबर काकूंएवढी. "पण दर महिन्याला नवा कोट तिलाच," काकू म्हणतात.

रेझिनचा विषय नाजूक. पॉलिएस्टर स्वस्त, पण "लाकडाशी वरवर गोड बोलतं, आतून धरत नाही." म्हणून इपॉक्सी, त्यात फायबरग्लासचं तलम कापड, आणि हार्डनर सोनाराच्या काट्यावर तोललेला. आषाढात कोटावर चिकट साय धरते. ती धुवायची, घासायची, पुन्हा हात मारायचा. कडांना तीन हात जास्त, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. मी एकदा सहज म्हणालो, "कोकणात फटीत कापूस ठोकून वर राळ-तेल चोपडत, की झालं." "अरे, ती फळी फुगून फट बुजवते. प्लाय फुगला की संपला!" आणि आठवडाभर अबोला.

खरं जहाज साधारण ३,००० टनांचं. ७२च्या घनानं भागलं की आठ किलो. नीलगिरी भरली साडेपाच. उरलेल्या अडीच किलोंत काकूंचा वरवंटा गेला.

सहा वर्षांत जहाजाला पाणी लागलं नव्हतं. "अजून एक कोट" हे पालुपद. शेवटी गेल्या गणपतीत, दीड दिवसाच्या विसर्जनाला, आम्ही बळेच अप्पांना ठाण्यातल्या कृत्रिम तलावावर नेलं. लाइफ जॅकेट घातलेला एक स्वयंसेवक लगबगीनं पुढे आला. "काका, आरती झाली का? द्या, आम्ही बुडवतो!" त्यानं पुढून धरलंसुद्धा. अप्पांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं दोन ढोल थांबले.

नीलगिरी कोरडीच परत आली. अप्पांना मात्र तिच्या नाळेवर नखाएवढा ओरखडा दिसला. तीन कोट झाले, आणि एका रविवारी माझ्या डोक्यावर पुन्हा टपटप सुरू झाली. या वेळी गेलो वर. न्हाणीच्या मोरीत बोळा, उंबऱ्याला ओल्या चादरींचा बांध, गुडघाभर पाणी आणि त्यात डौलानं डुलणारी नीलगिरी.

"बघ," अप्पा कुजबुजले, "एक थेंब आत नाही."