चार अक्षरांचा आहेर

जी-आय-एफ-टी. इंग्रजाने ही चार अक्षरं पुढे केली की भेटवस्तू समजून खुशाल हात पसरावा. जर्मन बाटलीवर दिसली तर हात मागे घ्यावा. तिथे अर्थ विष. स्वीडिश मंडळी आणखी पुढची: त्यांच्याकडे याच अक्षरांत 'विष'ही बसतं आणि 'विवाहित'ही. अनुभवाचे बोल, दुसरं काय! मूळ मात्र सगळ्यांचं एकच, 'देणे'. कुणी भेट दिली, कुणी विषाची मात्रा, कुणी मुलगी. 'बुर्रो' तर इटलीत पावाला फासतात आणि स्पेनमध्ये त्याच्यावर ओझी लादतात. एकीकडे लोणी, दुसरीकडे गाढव. २००२ पासून जर्मनी, इटली, स्पेनच्या खिशात युरो खुळखुळतो. पैशाचा भाव एक झाला, शब्दाचा अजून सीमेवरच ठरतो.